पुन्हा नॉब फिरवू नका
‘आयन सोर्स एकदा लावला की ऑपरेटरने नुसते आकडे बघत बसायचं,’ असं चोपड्याचे एक भाऊ म्हणतात. आयन सोर्स म्हणजे विद्युतभारित अणू (आयन) तयार करणारं यंत्र. दिवस चांगला असेल तर खरंय. पण मुंबईच्या पेलेट्रॉनला, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राला, लागतो तसल्या सिझियम धातूच्या सोर्सवर शिफ्ट केलेला माणूस असं म्हणणार नाही. तिथे सगळी गंमत सिझियमची वाफ करणाऱ्या भट्टीत. वाफ कमी पडली तर कॅथोडमधून (ज्या पदार्थाचे आयन हवेत तो इथे बसवतात) ऋण आयनच निघत नाहीत. जास्त झाली तर सिझियम इन्सुलेटरवर बसतं आणि ठिणग्या सुरू. शिवाय बदल लगेच दिसत नाही. चार-पाच अंश वाढवायचे आणि चहा पिऊन यायचं. नवा पोरगा दहा मिनिटांत पुन्हा नॉब फिरवतो, मी पण फिरवलाय.

बाकी सिझियम २८.५ अंशाला वितळतं. आपल्या भुसावळात मे महिन्यात भट्टी न लावताच कुपीत पातळ!