१९२४ ची बुगाटी भारी का दारातली एर्टिगा?

पटशौकीन, दारव्हा:
मत स्पष्टच मांडतो. बुगाटी टाइप ३५ ही शर्यतीची गाडी हीच खरी गाडी. एर्टिगा म्हणजे नुसती सोय. बुगाटीचं दोन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ताकद ९० हॉर्सपॉवरच्या आसपास अन् वजन ७५० किलोच्या घरात. एर्टिगाची ताकद १०० च्या जराशी वर, पण वजन साडेअकराशे किलोच्या पुढं. किलोमागं हिशेब केला तर शंभर वर्षांपूर्वीची गाडी आजही पुढं जाते.

वावरवाले काकाजी:
अरे बाबू, शंकरपटाची, म्हंजे शर्यतीच्या बैलाची जोडी तळेगाव दशासरले पाहाले जातो आपण. तिले वखराले जुंपते का कोणी? तुह्या बुगाटीत सीटा दोन. आमच्या घरून लग्नाले निघालो का बुढी, सून, तीन लेकरं अन् वरून आहेराचं गाठोडं. कोणाले टाकीवर बसवू? ना पट्टा, ना एअरबॅग. पांदणीच्या पहिल्याच खड्ड्यात खेळ खलास.

पटशौकीन:
काकाजी, खड्ड्याचं मले नका सांगू. टार्गा फ्लोरिओची शर्यत इटलीतल्या सिसिली बेटाच्या डोंगरातल्या खराब रस्त्यांवर व्हायची. १०८ किलोमीटरची एक फेरी, अशा पाच. १९२५ ते १९२९ सलग बुगाटीच जिंकली. १९२८ ले एलिश्का युन्कोवा या चेक बाईनं टाइप ३५ बी पळवून भल्याभल्यांना घाम फोडला, पाचवी आली. एर्टिगा तिथं टिकली असती?

मिस्त्री, पुसद:
पाचही फेऱ्या एसी लावून केल्या असत्या. जिंकली नसती, हे कबूल. पण भाऊ, तुम्ही भागाकार सोयीचा केला. इंजिनाच्या लिटरमागं ताकद पाहा ना: बुगाटी ४५ हॉर्सपॉवर, एर्टिगा ७० च्या जवळ. बुगाटीचे ब्रेक तर तारांवर चालणारे. अन् सिसिलीत धूळ होती, आपल्याकडं काळी माती. ती चाकाला चिकटली का दोन्ही गाड्या जागेवर, ट्रॅक्टर बोलवा.

मॅडम, हिंगणघाट:
मी पटशौकीन यांच्या बाजूनं. जुन्या गाडीत बिघाड डोळ्यांना दिसायचा. आमच्या गाडीचा (कोणती ते सांगत नाही) सेन्सर गेला अन् भर पावसात ती बैलगाडीच्या चालीनं घरी आणावी लागली. इंजिन तर ठणठणीत होतं!

मिस्त्री, पुसद:
ताई, दिसायचा हे खरं. पण बुगाटीचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, तुकडे जोडून केलेला, आत रोलर बेअरिंग. तो उघडून परत जुळवणारा माणूस अख्ख्या विदर्भात दाखवा. सेन्सरचा कोड माझा पोरगा स्कॅनर लावून चहा होईपर्यंत काढते.

पटशौकीन:
त्याच बेअरिंगमुळं ते इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घ्यायचं, १९२४ मध्ये! एवढी हिंमत घरगुती गाडीत कोणी दाखवली?

वावरवाले काकाजी:
सहा हजार फेरे घेऊन जाते कुठं? दिवाळीले पोरीले, जावयाले अन् नातवाले नागपुरातून आणाचं हाय. बुगाटीनं किती चकरा होतीन, तेवढं सांग.