'ब्लॅक मॅजिक वुमन' मूळचं सँतानाचं नव्हे
वर कुणीतरी 'ब्लॅक मॅजिक वुमन' हे गाणं सँताना या अमेरिकन रॉक बँडच्या खात्यात जमा केलंय, म्हणून हा प्रतिसाद. गाणं ब्रिटिश गिटारवादक पीटर ग्रीनचं. १९६८ साली त्याच्या फ्लीटवूड मॅक या बँडने काढलं, सँतानाने १९७० मध्ये ते जगभर नेलं.

ग्रीन लंडनच्या बेथनल ग्रीनमधला. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूज बँडमध्ये नामवंत गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या जागी आला. केवढं दडपण असेल! पण गडी डगमगला नाही. पुढच्याच वर्षी स्वतःचा बँड काढला आणि नाव दिलं ड्रमर फ्लीटवूड व बेसवाल्या मॅकव्हीचं. त्या दोन शब्दांत स्वतःचं नाव नाही. आपल्याकडे असता तर 'पीटर ग्रीन आणि मंडळी' नक्की!

त्याच्या १९५९च्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारीची गंमत ऐका. मानेकडच्या पिकअपमधलं (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागातलं) लोहचुंबक उलटं बसलेलं. त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज थोडा पोकळ, नाकातून आल्यासारखा यायचा. म्हणजे बिघाडच, पण लोक आजही मुद्दाम चुंबक उलटवून घेतात. तीच गिटार त्याने गॅरी मूर या गिटारवादकाला स्वस्तात देऊन टाकली. आता ती मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या गिटारवादकाकडे, कर्क हॅमेटकडे आहे.

१९७० मध्ये त्याने बँड सोडला. एलएसडीची नशा, मग स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार, इस्पितळं, उपचार म्हणून विजेचे झटके. नव्वदच्या दशकात स्प्लिंटर ग्रुप या बँडबरोबर परतला, २०२० मध्ये गेला.

त्याची 'अल्बट्रॉस' ही शब्दांविना धून रात्री हेडफोन लावून ऐका. सुरांपेक्षा त्यांच्यामधली शांतताच जास्त ऐकू येते.