मदत हवी आहे: विधानसभेत प्रश्न लागला, उत्तरही आलं, आता पुढे काय करायचं?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या ओढ्यावरचा नळकांडी पूल दोन पावसाळ्यांपूर्वी खचला, तेव्हापासून पाणी वाढलं की वस्तीवरची माणसं दुधाचे कॅन खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून येतात, पोरांची शाळा बुडते ती वेगळीच. आमदारांच्या मागे लागून लागून शेवटी नागपूर अधिवेशनात तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) लावून घेतला. वाटलं मंत्री उभे राहतील, उपप्रश्न होतील, पण त्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास गोंधळात गेला आणि आमचा नंबरच आला नाही. मग छापील उत्तर मिळालं. (१) हे अंशतः खरे आहे. (२) अंदाजपत्रक तयार करण्याची कार्यवाही सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही. तिसऱ्यात आम्ही विलंबाची कारणं विचारली होती! वस्तीवर हे वाचून दाखवताना माझाच आवाज बसला.

आता आमदार सत्ताधारी बाजूला आहेत आणि त्यांचे पीए म्हणतात की सत्तेतल्या आमदाराला असे प्रश्न लावता येत नाहीत, व्हिप (पक्षादेश) असतो. हे खरंय का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
दादा, व्हिप सभागृहातल्या मतदानासाठी असतो. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे (पक्षांतरबंदी कायदा) पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही तर आमदारकी धोक्यात येते. प्रश्न विचारण्याशी त्याचा काही संबंध नाही, सत्ताधारी आमदार दर अधिवेशनात प्रश्न आणि लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लावतात. हां, मंत्र्यांना दुखवलं तर निधी अडेल, पुढचं तिकीट जाईल ही भीती असते आणि खरी अडचण तीच. यावेळी लक्षवेधी मागा. मंत्री सभागृहात 'अमुक महिन्यात काम सुरू करू' असं बोलले की ते आश्वासन होतं आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. 'कार्यवाही सुरू आहे' हे फारच कच्चं उत्तर आहे.

प्रतिसाद २:
आधी रस्ता कोणाचा ते बघा. राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम खातं), ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषद. चुकीच्या खात्याला प्रश्न गेला की अशीच उत्तरं येतात. पीडब्ल्यूडीकडे असेल तर पूल अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत (वर्षामध्येच मागितलेला जादा खर्च) घालून घ्या, तिथे नाव नसेल तर भाषण कितीही झालं तरी टेंडर निघत नाही. आणि पदवीधर मतदारसंघाच्या आमदारांनाही भेटा, विधान परिषदेतही लक्षवेधी लागते.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच ग्रामसेवकांना फोन केला, रस्ता ग्रामीण मार्गात आहे आणि आमचा प्रश्न गेला होता सार्वजनिक बांधकामला! जिल्हा परिषद ग्रामविकास खात्याखाली येते, म्हणून ग्रामविकासच्या नावाने लक्षवेधीचा मसुदा आज रात्री इथे टाकतो, कोणी तपासून देईल का? पावसाळी अधिवेशनाआधी आमदारांच्या हातात द्यायचाय.