दुष्काळाचा परिणाम मोजायला पंचवीस-तीस वर्षांच्या नोंदी कशाला?

प्रश्न:
युरोपातील २००३ च्या उष्णलाटेचे उदाहरण आम्हाला वर्गात शिकवले गेले. त्या वर्षी तिथल्या वनस्पतींचे एकूण प्रकाशसंश्लेषण सुमारे ३० टक्क्यांनी घटले आणि एरवी कार्बन शोषणारी जमीन उलट तो हवेत सोडू लागली. परिणाम त्याच हंगामात दिसत असेल, तर जंगल किती कार्बन घेते-सोडते हे मोजणारा मनोरा एकाच जागी वर्षानुवर्षे चालवण्याचे प्रयोजन काय?

उत्तर १:
त्या एका उन्हाळ्यात साधारण चार वर्षांत शोषलेल्या कार्बनची बेगमी गेली, असे म्हणायला आधीच्या वर्षांचा हिशेब लागतोच. अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्ट या संशोधन-जंगलातील मनोऱ्याच्या नोंदी १९९१ पासूनच्या आहेत, त्या याच कारणाने मोलाच्या.

शिवाय मनोऱ्यावरचा आकडा तयार हाती येत नाही, म्हणून एकाच हंगामावर भिस्त ठेवता येत नाही. वायुवेगमापक आणि वायुविश्लेषक सेकंदाला दहा-वीस नोंदी घेतात व त्यांवरून जंगल आणि हवा यांच्यातला अर्ध्या तासाचा कार्बनचा प्रवाह काढतात. पण रात्री वारा पडला की झाडांनी व मातीने सोडलेला कार्बन डायऑक्साइड उपकरणाखालीच साचतो किंवा उताराने ओघळून जातो, म्हणून ते अर्धे तास वगळून तापमानावरून भरून काढावे लागतात. दुष्काळ नेमका इथे फसवतो: कोरड्या मातीचे श्वसन, म्हणजे तिने कार्बन डायऑक्साइड सोडणे, त्याच तापमानाला कमी असते, त्यामुळे ओलाव्याच्या महिन्यांचे सूत्र लावले की ते फुगून दिसते.

उत्तर २:
परिणाम त्याच हंगामात दिसतो, हे गृहीतकच मला मान्य नाही. ब्राझीलमधील तापाजोस येथे जंगलात पडणारा पाऊस प्लॅस्टिकच्या पत्र्यांनी अडवला, तेव्हा मोठ्या झाडांची मरतूक वाढायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. ब्राझीलमधल्याच काशिउआना येथे २००२ पासून एका हेक्टरवर असाच प्रयोग चालू राहिला आणि तेरा वर्षांत झाडांचा सुमारे ४० टक्के जैवभार (त्यांच्यातल्या सजीव पदार्थाचे वजन) गेला. झाडांतला साखर-पिष्टाचा साठा संपला नव्हता. जलवाहिन्यांत हवा शिरून पाण्याची धार तुटल्याने ती मेली.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. पण झाड मेल्याचे मनोऱ्याला त्याच वर्षी कळेल ना?

उत्तर २:
प्रकाशसंश्लेषण थांबल्याचे कळेल, खोडातल्या कार्बनचे नाही. पडलेले खोड कुजायला अनेक वर्षे लागतात आणि तो कार्बन हळूहळू, पुढच्या चांगल्या पावसाच्या वर्षांच्या श्वसनात मिसळून बाहेर येतो. त्यासाठीच मनोऱ्याखालच्या झाडांना क्रमांकाचे बिल्ले ठोकून त्यांचा घेर पुन्हा पुन्हा फितीने मोजावा लागतो.