प्रश्न फक्त वस्तऱ्याचा नाही

‘इलेक्ट्रिक शेव्हर चालतो, मग ज्यू कर्मचाऱ्याला कामावर दाढी ठेवायची सवलत कशाला?’ असा एक प्रश्न विचारला जातो. ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या लेवीय १९:२७ वरून आलेली मनाई मुख्यतः वस्तऱ्याची, आणि शेव्हर अनेक रब्बी (ज्यू धर्मगुरू) चालवून घेतात, हे खरं. पण हसिदी या कर्मठ ज्यू पंथाचे बरेच लोक दाढीला कात्रीही लावत नाहीत. शिवाय सुतक असतं, त्यात दाढी करत नाहीत: जवळचं माणूस गेल्यावर ३० दिवस, आईवडिलांसाठी ‘किती वाढलीय’ असं मित्रांनी टोकेपर्यंत.

माझा शेजारच्या टेबलावरचा सहकारी एरवी रोज गुळगुळीत दाढी करणारा. वडील गेल्यावर खुंट वाढवून आला, तर साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं. हनुवटीवर हात ठेवून गप्प बसून राहिला बिचारा. फार लागलं मला ते.

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या ग्रॉफ खटल्यातल्या निकालानंतर कर्मचाऱ्याला धर्मासाठीची सवलत नाकारायची तर धंद्याला भरीव तोशीस पडते, हे मालकाला दाखवावं लागतं. ‘बरं दिसत नाही’ एवढ्यावर भागत नाही.