मदत हवी आहे: विषुववृत्तावरच्या दवाखान्यासाठी ऑफ-ग्रिड सोलर – पॅनलचं तोंड कुठे, बॅटरी किती?

नमस्कार मंडळी,

केनियात नान्युकीजवळ एका छोट्या दवाखान्याच्या इमारतीचं आणि विजेचं काम माझ्याकडे आहे. गाव अगदी विषुववृत्तावर, उंची १,९०० मीटरच्या वर. दवाखान्यापर्यंत लाइन आलेली नाही. रात्री जनरेटर लावतो, आणि पेट्रोल संपलं की बाळंतपण टॉर्चच्या उजेडात होतं. म्हणून पूर्ण सोलर करायचं ठरलंय. पैसे एकदाच मिळणार आहेत, पुन्हा कुणी देणार नाही, तेव्हा ऑर्डर देण्याआधी हिशोब तुमच्यापुढे मांडतो.

दिवे, फ्रिज, मायक्रोस्कोप, लॅपटॉप, पाण्याचा अर्ध्या एचपीचा पंप आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते, सगळं मिळून रोजचे साडेचार युनिट. एवढंच असतं तर विचारायला आलोच नसतो. खरा प्रश्न ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्राचा आहे. मिनिटाला पाच लिटरचं यंत्र, ३५० वॅट. न्यूमोनिया झालेलं मूल आलं की ते रात्रंदिवस चालू ठेवावं लागतं, म्हणजे एकट्याचेच ८.४ युनिट. एकूण धरा १३.

विषुववृत्त म्हटलं की ऊन भरपूर, असं सगळे गृहीत धरतात. पण सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर आहे, तरी तिथे राजस्थानपेक्षा कमी ऊन मिळतं, कारण ढग. इथेही मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. मी ढगाळ महिन्यासाठी दिवसाला साडेचार तासांचं पूर्ण ऊन धरलं आणि वायर, धूळ, चार्जिंगचं नुकसान वजा करून ७० टक्के हाती येतील असं मानलं. १३ भागिले (४.५ गुणिले ०.७), म्हणजे ४.१ किलोवॅट. म्हणून ४५० वॅटची १० पॅनल.

आता दिशा. साताऱ्याचा मित्र म्हणतो दक्षिणेला तोंड करून १८-२० अंश उतार दे. ते आपल्याकडे बरोबर आहे, पण इथे सूर्य जूनमध्ये भर दुपारी डोक्याच्या २३ अंश उत्तरेला असतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. पुण्यात शून्य सावली मे आणि जुलैत येते, इथे मार्च आणि सप्टेंबरमध्ये. दक्षिणेकडे तोंड केलं तर अर्धं वर्ष तोट्यात. आमच्या पत्र्याचे दोन उतार पूर्व आणि पश्चिमेला आहेत, साधारण १५ अंश. पॅनल थेट पत्र्यावर बसवावीत असं माझं मत, स्टँड नकोच.

पण इथली एक गंमत बघा. केनिया पर्वत सकाळी स्वच्छ दिसतो, शिखरावरचा बर्फसुद्धा. दहा-अकरा वाजले की ढग चढायला लागतात आणि दुपारी कित्येकदा आमच्या डोक्यावर येऊन बसतात. मग सगळी पॅनल पूर्वेच्या उतारावरच टाकू का?

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-तास, एक म्हणजे ५.१ युनिट. संध्याकाळी पाच ते सकाळी आठ, कॉन्सन्ट्रेटर धरून सव्वासात युनिट लागतात. दोन बॅटऱ्यांत ते जेमतेम बसतं. दीड दिवसाचा साठा ठेवायचा तर पाच-सहा लागतील, तेवढे पैसे नाहीत. कुठे हात सैल सोडू आणि कुठे आखडू?

प्रतिसाद

दादा, हिशोब चांगला मांडलाय. मी मेळघाटात आणि नंतर टांझानियात दवाखान्यांची अशीच कामं केली आहेत, त्यावरून सांगतो.

तुमच्याकडे रात्र बाराही महिने बारा तासांचीच. हिवाळ्यातल्या लांब रात्रींसाठी बॅटरी वाढवायची गरज नाही. तुमचा शत्रू ढग आहे, आणि ढगावर बॅटरीपेक्षा पॅनलने मात करणं स्वस्त पडतं. बॅटऱ्या तीन घ्या, पॅनल मात्र १० ऐवजी १४. ६.३ किलोवॅट झालं की तीनच तास ऊन मिळालेल्या दिवशीही तुमचे १३ युनिट भरतात. त्याहून वाईट दिवसासाठी जनरेटर राहू द्या, काढून टाकू नका. त्याच्या पाटीवरचा आकडा समुद्रसपाटीचा असतो, तुमच्या उंचीवर पाचवा हिस्सा गेला असं समजा.

सगळी पूर्वेला नको. ८ पूर्वेला, ६ पश्चिमेला. सकाळचं ऊन बॅटरी भरेल आणि दुपारी ढग फाटले तर पश्चिमेची पॅनल पंप आणि कॉन्सन्ट्रेटर सांभाळतील. दोन्ही उतारांच्या ओळी वेगवेगळ्या एमपीपीटीला (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा कंट्रोलर) जोडा, एकत्र कधीच नाही. आठ पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काही लोड नसताना मिळणारं) पहाटेच्या गारठ्यात वाढतं, तेव्हा पाच अंश तापमानाला मोजून इन्व्हर्टरच्या मर्यादेत बसतंय का बघा. ढगाच्या कडेतून ऊन अचानक बाहेर पडतं तेव्हा पॅनल पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त करंट देतं, म्हणून फ्यूज आणि वायर २५ टक्के मोठ्या.

आणि कॉन्सन्ट्रेटरचे वॅट प्लग-मीटर लावून प्रत्यक्ष मोजा. ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडर कायम खोलीत हवा. सोलर कितीही चांगलं बसलं तरी इन्व्हर्टर बंद पडू शकतो आणि मुलाला तेवढा वेळ नसतो.

धागाकर्ता

मनापासून धन्यवाद. पूर्वेच्या उतारावर आठ पॅनल मावतात, पश्चिमेला पाण्याची टाकी आहे, ती सावलीसकट हलवावी लागेल. प्लग-मीटर या आठवड्यात नैरोबीहून मागवतो. सिलिंडर आहे, पण तो भांडारात कुलपात असतो, तो वॉर्डात आणून ठेवायला सांगतो.

एक राहिलं. इथे वीज फार पडते. पॅनलच्या बाजूला आणि इन्व्हर्टरच्या बाजूला दोन्हीकडे सर्ज अरेस्टर (वीज पडल्यावर तारेत येणारा जादा दाब जमिनीत सोडणारं उपकरण) लावायचा विचार आहे. पण आमची जमीन मुरमाड, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत. एका इलेक्ट्रोडने (जमिनीत पुरायचा धातूचा रॉड) अर्थिंग भागेल, की तीन इलेक्ट्रोड अंतरावर पुरून एकमेकांना जोडू?