मदत हवी आहे: अमेरिकन रॅपर जे-झीच्या '४:४४' अल्बममधला पैशाचा सल्ला सोलापुरात कसा समजवायचा?

रॅप करणाऱ्या इथल्या मुलांसाठी '४:४४' (२०१७) वर चर्चा ठेवतोय. संगीताबद्दल शंका नाही. निर्माता नो आय.डी.चं काम, गायिका नीना सिमोनच्या जुन्या आवाजाचा घेतलेला तुकडा (सॅम्पल), आणि जवळ बसून बोलल्यासारखा जे-झी. सुरेखच आहे. अडतंय ते त्यातल्या 'द स्टोरी ऑफ ओ.जे.' या गाण्यातल्या आकड्यांवर.

१० लाख डॉलरचं चित्र दोन वर्षांत २० लाखांचं झालं, म्हणजे वर्षाला सुमारे ४१ टक्के. हा दर मुलं गृहीत धरतील ही भीती आहे. न्यूयॉर्कच्या डम्बो भागातली इमारत २० लाखांना मिळत होती, ती २.५ कोटींची झाली. साडेबारा पट! पण हे २० वर्षांत धरलं तर दर साडेतेरा टक्केच, त्यातून कर, व्याज, दुरुस्ती वजा. शिवाय चित्र अडीअडचणीला लगेच विकलं जात नाही, सोनं विकलं जातं.

इथे याचा अर्थ मुलं 'जुळे सोलापुरात प्लॉट घ्या' असा काढतील. मग सातबारा, जमीन बिगरशेती (एनए) आहे का, गुंठेवारीची (गुंठ्यांत तुकडे पाडून विकलेली) आहे का, हे न बघता इसार देऊन अडकतील.

क्रेडिट, म्हणजे कर्जासाठीची पत, उधळपट्टीपेक्षा महत्त्वाची, हा गाण्यातला सल्ला मात्र खरा वाटतो. पण आठवड्याचा पगार रोख घेणाऱ्या यंत्रमाग कामगाराचा कर्जाचा इतिहासच नसतो, सिबिलवर (कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी) स्कोअरऐवजी 'एनएच' (नो हिस्ट्री) किंवा उणे एक दिसतो. अशांनी सुरुवात कशाने करावी? मुदत ठेवीवरचं क्रेडिट कार्ड, की पतसंस्थेचं छोटं कर्ज? पतसंस्थेच्या हप्त्यांची नोंद सिबिलकडे जाते का, हे कर्ज घेण्याआधी कसं तपासायचं? बँकेत किंवा पतसंस्थेत काम केलेल्यांनी कृपया नेमकं सांगा.